पडद्यापलीकडचा पडदा

मुंबई ते न्यूयॉर्क, एका बाजूचं तिकीट ३८ हजार डॉलर. २०१६ मध्ये एतिहादने आपलं दुमजली ए३८० मुंबईला आणलं, तेव्हा त्यातल्या ‘द रेसिडेन्स’चा हा भाव होता. तेव्हाच्या दराने २५ लाख रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत बसायची खोली, डबलबेडची बेडरूम, शॉवरसकट बाथरूम आणि दिमतीला बटलर. वन बीएचकेच म्हणा ना! फक्त किचन नाही आणि लँडिंग झालं की ताबा सोडायचा. तेवढ्याच रकमेत बदलापूरकडे तेव्हा कायमचा ताबा मिळत होता, पण तिथे बटलर येत नाही हेही खरं.

रेसिडेन्स ही फर्स्ट क्लासच्याही वरची भानगड झाली. आपला प्रश्न एक पायरी खालचा आहे. लेकीकडे न्यू जर्सीला किंवा मुलाकडे सिडनीला जायचंय, गुडघे कुरकुरतात, पैसे बऱ्यापैकी आहेत, बिझनेस क्लास घ्यायचा हे घरात ठरलंय. तेवढ्यात तिकिटाच्या पानावर शेजारीच फर्स्टचा आकडा दिसतो. कधी दीडपट, कधी दुप्पट, कधी त्याच्याही पुढे. हात क्षणभर थबकतो. ‘आयुष्यात एकदाच’ हे वाक्य कोणीतरी बोलतंच. ते बोलून झालं असेल तर आता जरा गंमत बघू.

धाकट्याने थोरल्याची खाट पळवली

बिझनेस क्लास जन्माला आला तो रुसव्यातून. १९७० च्या दशकात स्वस्त तिकिटांचा सुळसुळाट झाला आणि इकॉनॉमीचं पूर्ण भाडं भरणारे कंपनीवाले कुरकुरायला लागले, की शेजारचा पर्यटक निम्म्या पैशांत बसलाय आणि आम्हालाही तेच जेवण! मग त्यांच्यासाठी मधला डबा निघाला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ मध्ये बिझनेस क्लास आणला आणि त्याचं जनकत्व ती आजही मिरवते. सुरुवातीला मिळायची ती जरा रुंद खुर्ची आणि जरा बरं मद्य. झोपायची सोय थोरल्या भावाकडे, म्हणजे फर्स्टकडे.

१९९० च्या दशकाच्या मध्याला ब्रिटिश एअरवेजने फर्स्टमध्ये सपाट होणारा पलंग दिला. ही फर्स्टची खरी मिरास होती. पण २००० मध्ये त्याच कंपनीने तसाच पलंग बिझनेसमध्येही टाकला आणि स्वतःच्याच फर्स्टच्या पायाखालची सतरंजी ओढली. पुढे २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेसच्या सीटला सरकतं दार लावलं. मधल्या चार सीटा जोडून कुटुंबाला समोरासमोर बसता येईल अशी सोयही केली. आडवं पडणं झालं, दार झालं. फर्स्टकडे उरलं काय?

हे नाटक आपल्या रेल्वेने आधीच करून दाखवलंय. १९५५ मध्ये रेल्वेने जुना फर्स्ट क्लास बंद केला आणि सेकंडलाच फर्स्ट म्हणायला सुरुवात केली. १९७४ मध्ये थर्ड क्लासही गेला, म्हणजे त्याची पाटी गेली. विमानात पाट्या तशाच राहिल्यात आणि सामान खालच्या वर्गात उतरलंय.

म्हणूनच एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात. जगातलं सर्वांत लांबचं नियमित उड्डाण, सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५ हजार किलोमीटरच्या वर, अठरा-साडेअठरा तास. त्या विमानात फर्स्ट क्लास नाहीच! १६१ सीटा, त्यातल्या ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमीही नाही. जिथे फर्स्टची सर्वांत जास्त गरज वाटावी तिथे सिंगापूर एअरलाइन्सने तो ठेवलेलाच नाही. आपल्या एअर इंडियाची नवी ए३५० विमानं २०२४ च्या जानेवारीत उडू लागली, त्यांतही पुढे बिझनेसचे २८ सुइट आहेत आणि फर्स्ट गायब.

महाराजाचा हत्ती

एअर इंडियाचा विषय निघालाच आहे तर हा किस्सा सोडवत नाही. १९६७ मध्ये कंपनीने फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रे बनवून घेतले. कोणाकडून? स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दालीकडून. हंस आणि हत्ती एकमेकांत मिसळलेला, उलटा धरला तर दुसराच प्राणी दिसावा असा तो पोर्सेलीनचा नमुना. मानधन म्हणून दालीने मागितलं हत्तीचं पिल्लू. आणि कंपनीने दिलं! बेंगळुरूहून विमानाने जिनिव्हा, तिथून ट्रकने स्पेन, सोबत माहूत. पुढे १९७१ मध्ये पहिलं जंबो जेट आलं, ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती झरोके रंगवलेले आणि वरच्या मजल्यावर फर्स्टवाल्यांसाठी लाउंज. त्या काळी वरचे पैसे भरून जे मिळायचं ते खालच्या वर्गात खरोखरच नव्हतं. हत्ती तर कुठेच नव्हता.

कळसूबाईच्या वर सगळे सारखे

आता जरा शास्त्र. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे तिकीट कोणतंही असो, प्रवासभर तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही वर बसलेले असता. हा दाब वर्गावर ठरत नाही, विमानावर ठरतो. ७८७ आणि ए३५० मध्ये तो १८०० मीटरच्या आसपास असतो, जुन्या विमानांत त्याहून विरळ. दुसऱ्या दिवशी डोकं कमी दुखावं असं वाटत असेल तर आधी विमानाचं मॉडेल बघा, मग वर्ग.

कोरड्या हवेची तर मजाच आहे. केबिनमध्ये जो काही ओलावा असतो तो मुख्यतः माणसांच्या श्वासाचा. पुढच्या भागात माणसं कमी, त्यामुळे तिथली हवा मागच्यापेक्षा जास्त कोरडी! काही कंपन्यांनी फर्स्टमध्ये हवा ओली करणारी यंत्रं बसवलीत, ती सोडली तर जास्त पैसे देऊन जास्त घसा सुकवून घ्यायचा.

या हवेत जिभेचंही गणित बिघडतं. खारट आणि गोड चव बरीच मंदावते. लुफ्तान्सासाठी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने हे तपासलं, तेव्हा जमिनीवर कोणी फारसं न विचारणारा टोमॅटोचा रस आकाशात इतका का खपतो याचाही उलगडा झाला. त्याची चव वर अधिक खुलते. आता फर्स्टच्या मेनूत कॅव्हियार आणि दोम पेरिन्यों दिसली की मनात येतं, एवढी महागाची चीज नेमकी जीभ बधिर असतानाच का खावी? शँपेन खरंच आवडत असेल तर बिझनेसचं तिकीट काढा आणि उतरल्यावर एक चांगली बाटली घ्या. फरकाच्या रकमेत बाटल्यांची पेटी येईल.

आणि हो, जेवणावरून फर्स्ट क्लासमध्ये जे घडलंय तसं क्वचितच कुठे घडलं असेल. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला कोरियन एअरच्या फर्स्टमध्ये कंपनीच्या अध्यक्षांची कन्या, स्वतःही उपाध्यक्ष, मॅकाडेमिया नट्स ताटलीत न देता पाकिटात दिले म्हणून इतकी संतापली, की धावपट्टीकडे निघालेलं विमान परत फिरवून मुख्य परिचारकाला खाली उतरवलं. प्रकरण कोर्टात गेलं, बाईंना तुरुंगाची हवा खावी लागली.

मग पैसे जातात कुठे?

थोडे जागेत जातात. सिंगापूरच्या ए३८० मध्ये आधी बारा सुइट होते, २०१७ मध्ये त्याच विमानात सहा केले. शेजारचे दोन जोडले की डबलबेड. २००७ मध्ये या विमानाच्या पहिल्या उड्डाणाची तिकिटं धर्मादाय लिलावात विकली, तेव्हा दोन सुइटना लाखभर डॉलर आले होते. एअर फ्रान्सच्या नव्या ‘ला प्रमिएर’मध्ये एका प्रवाशाच्या वाट्याला पाच खिडक्या येतात, दिसतो तोच ढग, पण पाच चौकटींत. एमिरेट्सच्या ७७७ मधले सुइट छतापर्यंत बंद आहेत. मधल्या रांगेला खिडकी नाही म्हणून बाहेरच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणारी खोटी खिडकी लावलीय. मला ही युक्ती या सगळ्या थाटात सर्वांत प्रामाणिक वाटते.

थोडे पाण्यात जातात. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये २००८ पासून फर्स्टवाल्यांना शॉवर आहे, पाणी पाच मिनिटांचं. हे विमान मुंबईलाही येतं आणि दुबई तीन तासांवर. घरून आंघोळ करून निघालेल्या माणसाने पुन्हा ढगात आंघोळ का करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र दुबईहून पुढे पंधरा-सोळा तासांनी अमेरिकेत उतरून थेट मीटिंग गाठायची असेल, तर ती पाच मिनिटं सोन्याची.

पण माझ्या मते खरा फरक जमिनीवर आहे. फ्रँकफुर्टला लुफ्तान्साने २००४ मध्ये फर्स्ट क्लाससाठी वेगळी इमारतच उघडली. तुमची सुरक्षा तपासणी तिथेच, रांग नाही. विमानाची वेळ झाली की मर्सिडीज किंवा पोर्शमधून थेट शिडीशी सोडतात. आत न्हाणीघरात टब आहेत आणि टबात रबराचं बदक मिळतं. मोठमोठे उद्योजक ही बदकं घरी नेऊन जमवतात! पॅरिसलाही ला प्रमिएरच्या प्रवाशाला गाडीतून विमानापर्यंत नेतात. बिझनेसचा प्रवासी मात्र लाउंजमध्ये समोसा हुडकत खुर्ची शोधतो. ज्याचे पाय किंवा कंबर थकलेली आहे, ज्याला व्हीलचेअर मागायला संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही जमिनीवरची सोय हवेतल्या पलंगापेक्षा मोलाची ठरू शकते. पण ती ठरावीक शहरांतच आहे. कनेक्शन दुसरीकडचं असेल तर ते पैसे बदकाविनाच गेले.

तिकीट काढण्याआधी

सीट मॅप उघडून बिझनेसच्या रांगा मोजा. १-२-१ अशी रचना असेल, म्हणजे प्रत्येकाला थेट वाट, तर फर्स्टच्या वाटेला सहसा जाऊ नका. २-२-२ असेल तर खिडकीजवळच्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडून जावं लागतं. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये तर बिझनेसमध्येही २-३-२, म्हणजे लाखो रुपये भरून मधली सीट! अशा विमानात रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर फर्स्टचा विचार जरूर करा.

तास मोजा, तेही झोपेचे. दिवसाच्या सात तासांच्या उड्डाणात सुइटचं दार लावून काय करणार? रात्रीच्या बारा तासांच्या पुढे गोष्ट वेगळी, तरीही बिझनेसचा पलंग चांगला असला तर झोप तीच.

अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणांवर ‘फर्स्ट’ लिहिलेलं वाचून भुलू नका. तिथे बहुतेक वेळा मागे रेलणारी रुंद खुर्ची असते, बाकी काही नाही. आपल्या आंतरराष्ट्रीय बिझनेसच्या पासंगालाही ती पुरत नाही.

कराचा विचार करत असाल तर सप्टेंबर २०२५ पासून भारतात इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वरच्या वर्गांवर १८ टक्के आहे. बिझनेस आणि फर्स्ट या बाबतीत सख्खे भाऊ. दर तोच, फर्स्टची रक्कम मोठी म्हणून कर मोठा, एवढंच.

पॉइंट्स साठलेले असतील तर हिशोब उलटा फिरतो. रोख देताना फर्स्ट डोळ्यांत पाणी आणतं, पण माइल्समध्ये दोन्हींतला फरक पुष्कळदा रोखीपेक्षा बराच कमी असतो. बिझनेसचं तिकीट काढून ठेवावं आणि प्रवास जवळ आला की अपग्रेडचा भाव विचारावा, हा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो. रिकामी राहणारी फर्स्टची सीट कंपनीला आदल्या दिवशी फारशी प्रिय नसते.

कायमचा पास आणि तीनशे नशीबवान

‘आयुष्यात एकदाच’वाल्यांना अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये उत्तर दिलं होतं: अडीच लाख डॉलर भरा आणि आयुष्यभर फर्स्ट क्लासमधून कितीही फिरा. शिकागोच्या एका गृहस्थाने तो पास घेऊन दहा हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या. २००८ मध्ये कंपनीने नियमांवर बोट ठेवून पास काढून घेतला आणि भांडण कोर्टात गेलं. कंपनीने ‘कितीही’ म्हटलं आणि गिऱ्हाइकाने ते ऐकलं.

चुकून स्वस्त झालेल्या तिकिटांची गंमत वेगळी. १ जानेवारी २०१९ ला कॅथे पॅसिफिकने व्हिएतनामहून न्यूयॉर्कचं परतीचं बिझनेसचं तिकीट ६७५ डॉलरला विकलं. खरी किंमत १६ हजारांच्या घरात. कंपनीने ते पाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटासच्या वेबसाइटवर अमेरिकेच्या फर्स्टची तिकिटं सुमारे ८५ टक्के स्वस्त दिसू लागली आणि साधारण तीनशे जणांनी झडप घातली. कंपनीने सांगितलं, फर्स्ट मिळणार नाही. त्याच पैशांत बिझनेसमध्ये बसा, नाहीतर पैसे परत घ्या. म्हणजे बिझनेसही नेहमीच्या भावाच्या निम्म्याहून कमीत पडत होतं. मी त्या तीनशेत असतो तर पैसे परत मागितले नसते.