अंतर्भूत जाहिरात

अंतर्भूत जाहिरात म्हणजे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा तत्सम कलाकृतीच्या ओघातच एखादे उत्पादन, सेवा, बोधचिन्ह अथवा स्थळ मोबदला घेऊन दाखवण्याची पद्धत होय. ‘प्रॉडक्ट प्लेसमेंट’ ही मूळ इंग्रजी संज्ञा मराठी वृत्तपत्रांतूनही जशीच्या तशी वापरली जाते. ‘बातमी पेरणे’ या वाक्प्रयोगाच्या धर्तीवर ‘पेरलेली जाहिरात’ असे म्हटल्यास अर्थ अधिक नेमका उतरतो, कारण पेरणाऱ्याचा हात दिसू नये, हे या पद्धतीचे प्रमुख लक्षण आहे.

मध्यंतरात दाखवली जाणारी जाहिरात प्रेक्षक जाहिरात म्हणूनच पाहतो आणि हवे तर तिच्याकडे पाठ फिरवतो. कथेतील पात्राच्या हातातील बाटलीबाबत त्याला तशी सोय नसते. ती बाटली दिग्दर्शकाला हवी होती म्हणून तेथे आली, की कंपनीने पैसे मोजले म्हणून, हे दृश्यावरून ओळखता येत नाही. या विषयावरील बहुतेक वाद याच एका अडचणीतून उद्भवले आहेत.

व्यवहाराचे प्रकार

मोबदला नेहमी रोख रकमेच्याच स्वरूपात असतो असे नाही. कंपनी चित्रीकरणासाठी मोटारी, कपडे, दूरध्वनी संच इत्यादी वस्तू विनामूल्य पुरवते आणि निर्मात्याचा तेवढा खर्च वाचतो. दुसऱ्या प्रकारात कंपनी आपल्या जाहिरातींतून चित्रपटाची प्रसिद्धी करते. ‘गोल्डनआय’ (१९९५) या बाँडपटातील बीएमडब्ल्यू झेड-३ ही मोटार हे अशा सहप्रसिद्धीचे ठळक उदाहरण आहे. याशिवाय, वस्तू केवळ पार्श्वभूमीला दिसणे, पात्राने ती वापरणे, संवादात तिचे नाव येणे आणि कथानकच तिच्यावर बेतलेले असणे, अशा चढत्या पायऱ्या मानता येतील.

इतिहास

ही पद्धत चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये चित्रित झालेल्या, कपडे धुण्याचे दृश्य असलेल्या ल्युमिएर यांच्या लघुपटात सनलाइट साबणाच्या पेट्या समोरच मांडलेल्या दिसतात. ल्युमिएर यांचे तेथील प्रतिनिधी लाव्हांशी-क्लार्क हे त्या साबणाच्या व्यवसायाशीही संबंधित होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले ऑस्कर मिळवणाऱ्या ‘विंग्ज’ (१९२७) मध्ये हर्शीचे चॉकलेट दिसते. अमेरिकेत नभोवाणीवरील कौटुंबिक मालिकांना साबण उत्पादकांचे प्रायोजकत्व लाभले व त्यावरून ‘सोप ऑपेरा’ हे नाव रूढ झाले. अर्थात प्रायोजकाचे नाव तेथे उघडपणे घेतले जाई, म्हणून तो प्रकार वेगळा समजावा.

या व्यवहाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली ती स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ (१९८२) मुळे. परग्रहावरील जिवाला गोळ्यांचे आमिष दाखवण्याच्या प्रसंगासाठी प्रथम मार्स कंपनीकडे एम अँड एम गोळ्यांबाबत विचारणा झाली. मार्सने नकार दिल्यावर हर्शी कंपनीच्या रीसेस पीसेस या गोळ्या निवडल्या गेल्या. हर्शीने गोळ्या दाखवण्यासाठी शुल्क दिले नाही, मात्र चित्रपटाच्या प्रसिद्धीवर १० लाख डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. गोळ्यांचा खप लक्षणीय वाढला.

याच्या दोन वर्षे आधीचे ‘सुपरमॅन २’ (१९८०) चे उदाहरण मात्र गंभीर आहे. त्यातील लॉइस लेन मार्लबोरो सिगारेट ओढते आणि एका लढाईच्या प्रसंगात त्याच नावाचा ट्रक झळकतो. फिलिप मॉरिस या कंपनीने त्यासाठी पैसे दिल्याचे पुढे उघड झाले. सुपरमॅनच्या चित्रपटाला लहान मुले मोठ्या संख्येने येतात, हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत तंबाखू कंपन्यांना अशा रीतीने पैसे देण्यास १९९८ च्या तडजोड करारानंतर बंदी आली.

उलट ‘कास्ट अवे’ (२०००) या चित्रपटात फेडेक्स कंपनी जवळजवळ एक पात्रच आहे. तरीही या दर्शनासाठी कंपनीने पैसे दिले नव्हते. विमाने व इतर सुविधा तेवढ्या पुरवल्या. जे जाहिरात वाटते ते विकत घेतलेले नसते आणि जे सहज वाटते ते विकत घेतलेले असू शकते, याची ही दोन टोके होत.

भारतातील स्थिती

राज कपूर यांच्या ‘बॉबी’ (१९७३) मधील राजदूत मोटारसायकल इतकी लोकप्रिय झाली की लोक तिला ‘बॉबी’ म्हणूनच ओळखू लागले. आर्थिक उदारीकरणानंतर अशा दर्शनाचा नियमित व्यवसाय झाला. सुभाष घई यांच्या ‘ताल’ (१९९९) मध्ये कोका-कोलाची बाटली प्रेमप्रसंगाचा भाग बनते. त्यांच्याच ‘यादें’ (२००१) मध्ये मात्र उत्पादनांची इतकी गर्दी झाली की ती टीकेचा विषय ठरली. ‘बागबान’ (२००३) चा नायक आयसीआयसीआय बँकेत नोकरी करतो, तर ‘कोई... मिल गया’ (२००३) मध्ये बोर्नव्हिटा दिसते. पर्यटनस्थळेही या बाजारात आली. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) ला स्पेनच्या पर्यटन विभागाचे साहाय्य होते.

‘दबंग’ (२०१०) मधील एका गाण्यात झंडू बामचा उल्लेख अनुमतीवाचून आला, तेव्हा इमामी कंपनीने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. पुढे तडजोड झाली आणि त्या गाण्यावर नृत्य करणारी अभिनेत्रीच त्या बामच्या जाहिरातीत दिसू लागली. तक्रार आणि सौदा यांतील अंतर किती थोडे असते, हे यावरून कळते.

मराठी दूरचित्रवाणीवर याचे उलटे रूपही रुळले आहे. ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमात नव्या चित्रपटाचे कलाकार पाहुणे म्हणून येत असत आणि चित्रपटाची प्रसिद्धी हाच कार्यक्रमाचा विषय बनत असे. तेथे निदान लपवाछपवी नसे.

नियमन

ब्रिटनमध्ये देशांतर्गत दूरचित्रवाणी कार्यक्रमांत अंतर्भूत जाहिरातीस २८ फेब्रुवारी २०११ पासून परवानगी मिळाली. अशा कार्यक्रमाच्या प्रारंभी, अखेरीस आणि प्रत्येक जाहिरात-विश्रांतीनंतर इंग्रजी ‘पी’ अक्षराचे चिन्ह दाखवावे, अशी अट घातली गेली. बातम्या व बालकार्यक्रम यांत तिला मज्जाव आहे.

भारतात केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे. कथेत मिसळलेली जाहिरात या अटीत कशी बसते, हे कोडेच आहे. चित्रपटाच्या आरंभी कंपन्यांच्या नावांची लांबलचक आभारयादी झळकते. परंतु त्यांपैकी कोणी पैसे दिले, कोणी केवळ खुर्च्या वा कपडे पुरवले, हे तीत वेगळे नोंदवलेले नसते. तंबाखूबाबतचे नियम मात्र कडक आहेत. तंबाखूजन्य उत्पादनाचे व्यापारी नाव पडद्यावर दाखवता येत नाही, आणि धूम्रपानाच्या दृश्यांसोबत वैधानिक इशारा द्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२३ पासून इशाऱ्याचे नियम आंतरजालावरील ओटीटी मंचांनाही लागू झाले आहेत.

आता चित्रीकरण पूर्ण झाल्यावर संगणकाच्या साहाय्याने दृश्यात वस्तू घालणे शक्य झाले आहे. रिकाम्या टेबलावर पेयाची बाटली येते, भिंतीवर नवा फलक लागतो. त्यामुळे एकाच मालिकेच्या त्याच दृश्यात वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळी उत्पादने दाखवता येतात, आणि अभिनेत्याने ती वस्तू कधी पाहिलेलीही नसते.