टेरिलीनला कसर लागते!

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरोघरचे उत्खननच. गेल्या वर्षी आमच्या सौ.ने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरविली, आणि तिच्यातून १९७० सालच्या आमच्या लग्नाचे अवशेष बाहेर पडले. माझ्या लोकरी कोटाची कसरीने चाळण केली होती. सौ.चा शालू घडीघडीवर विरला होता. पण टेरिलीनची पॅंट मात्र जशीच्या तशी! इस्त्रीची रेघसुद्धा जाग्यावर.

“अहो, हिला काहीच झालं नाही की!” सौ. म्हणाली. “कसरीच्यासुद्धा तोंडाला चव नाही आली वाटतं.”

ती थट्टेत बोलली खरी, पण जगातल्या साऱ्या समुद्रांचे दुखणे त्या एका वाक्यात आले होते. लाकूड, लोकर, रेशीम, हाडे—यांतले काहीही टाका, त्याला खाणारा कोणीतरी निसर्गात आहेच. कोट्यवधी वर्षांच्या सहवासाने ही पंगत बसलेली आहे. टेरिलीनचा जन्म मात्र १९४१ सालचा. इंग्लंडातल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. त्या पदार्थाच्या लांबलचक शास्त्रीय नावाची आद्याक्षरे जुळविली की ‘पेट’ होते. १९७३ साली नॅथॅनिएल वायथ या अमेरिकन इंजिनियराने पेटच्या बाटलीचे पेटंट घेतले, आणि आज प्रत्येक स्टेशनवर पाणी विकत घेताना आपण घेतो ती बाटली म्हणजे माझ्या पॅंटीची धाकटी बहीणच! हिंदीत पेट म्हणजे पोट. पण या पेटला पचविणारे पोट काही निसर्गात दिसेना.

मग जाणार कुठे? गटारातून नदीत, नदीतून समुद्रात. एकट्या २०१० साली किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ते उन्हाने तडकते, लाटांनी फुटते, पण नाहीसे होत नाही. नुसते बारीक होत जाते. कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात, आणि मासळीच्या पोटात कण. २०२२ साली नेदरलॅंड्सच्या संशोधकांना ते माणसाच्या रक्तातही सापडले. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून समुद्र आपलाच माल आपल्याला परत करतो, ते दृश्य मुंबईकरांना काही नवे नाही.

सकाईच्या चिखलातला खवय्या

जपानात ओसाकाजवळ सकाई नावाचे शहर आहे. तेथे जुन्या पेट बाटल्यांचा पुन्हा उपयोग करण्याचे काम चाले. क्योटोच्या एका तंत्रविद्यालयातील प्राध्यापक कोहेई ओदा आणि त्यांचे सहकारी यांच्या मनात आले की, जेथे वर्षानुवर्षे बाटल्यांचाच ढीग पडतो, तेथे एखाद्या उपाशी जंतूने हे खाणे शिकून घेतले नसेल कशावरून? त्यांनी माती, गाळ, सांडपाणी यांचे २५० नमुने आणले, आणि प्रत्येकात पेटचा पातळ पापुद्रा टाकला. दुसरे सुग्रास अन्न जवळजवळ नाहीच! ४६ क्रमांकाच्या नमुन्यात पापुद्र्याभोवती जंतूंची झुंबड उडालेली दिसली. त्या गर्दीतून जो खरा खवय्या निघाला, त्याचे नाव गावावरूनच ठेवले—इडिओनेला सकाएन्सिस. मार्च १९१६ नव्हे, मार्च २०१६ मध्ये हे जगापुढे आले, म्हणजे अगदी काल-परवाची गोष्ट. तीस अंश उष्णतेत सहा आठवड्यांत त्याने पापुद्रा जवळजवळ फस्त केला होता.

त्याची खाण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आपण उसाची आधी कांडी करतो आणि मग ती दाताने सोलतो ना? तसेच. या जंतूजवळ दोन विकर, म्हणजे एन्झाइम, आहेत. पहिला पेटच्या लांब साखळीचे तुकडे करतो, दुसरा त्या तुकड्यांचे दोन भाग. हाती येतात टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल. आणि गंमत अशी की, पेट बनवावयाला कच्चा माल लागतो तो हाच! जंतूला खाऊ दिले नाही तर त्यातून नवी बाटली होऊ शकते.

पुढची एक पायरी चुकून चढली गेली. इंग्लंडातील पोर्टस्मथचे जॉन मॅक्गीहान आणि त्यांचे अमेरिकन सहकारी पहिल्या विकराची ठेवण तपासत होते. थोडा फेरफार करून पाहिला, तर तो वीसेक टक्क्यांनी अधिक वेगाने काम करू लागला! हे २०१८ साली. २०२० मध्ये फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पालापाचोळ्याच्या खतात सापडलेला दुसराच विकर सुधारून घेतला आणि ७२ अंश उष्णतेत दहा तासांत नव्वद टक्के पेट विरघळवून दाखविले.

“मग समुद्रात सोडत का नाहीत हो त्याला?”

सौ.चा हा प्रश्न रास्त आहे, आणि खरी मेख येथेच आहे. ७२ अंशांचे पाणी टाकीत मिळते. खोल समुद्रात उणेपुरे दोन-चार अंश. शिवाय लाटांवर तरंगते ते बहुतेक पेट नव्हेच. त्या पिशव्या, बुचे आणि दोर, म्हणजे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. त्यांच्या साखळीत विकराने कात्री लावावी असा सांधाच नाही. स्पेनमध्ये काम करणाऱ्या फेडेरिका बेर्टोक्किनी या बाईंनी आपल्या मधमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या पिशवीत भरून ठेवल्या, तो पिशवीला भोके पडली! २०२२ साली त्यांनी अळीच्या लाळेतील विकरही दाखवून दिले. पण त्यावरचा वाद मिटलेला नाही. २०२३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात सकाईच्या जंतूची करामत एका समुद्री जंतूत घातली गेली आणि खाऱ्या पाण्यात पेट तुटले. तेही प्रयोगशाळेतल्या भांड्यात.

आणि समजा, जमले. मग तो जंतू फेकलेली दोरी आणि होडीची दोरी यांत भेद कसा करणार? आपल्या बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत सांडलेले खनिज तेल खाणारा जंतू घडविला. त्याच्या पेटंटसाठी ते तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. पण तो जंतू समुद्रात कधी सोडला गेला नाही. घडविलेला जीव एकदा सुटला की परत बोलावता येत नाही, ही धास्ती! मला ती योग्य वाटते. हा कामगार टाकीतला आहे; बाटली समुद्रात जाण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचली, तरच तो कामाचा.

“तर मग ही पॅंट तरी पाठवा त्यांच्या टाकीत,” सौ. म्हणाली.

मी सांगितले की, तशीच्या तशी पाठवून भागणार नाही. धागा ताणून काढताना त्यातल्या साखळ्या पलटणीसारख्या घट्ट रांगेत बसतात, आणि विकराला शिरायला फट राहत नाही. ती आधी वितळवून, दळून घ्यावी लागेल. दरम्यान, तिच्या प्रत्येक धुण्याबरोबर काही तंतू गटारातून समुद्रात जाऊन पोहोचलेच असणार, हे मी तिला सांगितले नाही.

सौ.ने पॅंट झटकली, रेघेवर घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवली. डांबराची गोळी मात्र या खेपेस तिने तिच्यात घातली नाही.