सी भाषेतील स्ट्रिंगची नक्कल आणि जागेचा हिशेब

सी या संगणकभाषेत मजकुराची, म्हणजेच स्ट्रिंगची, लांबी वेगळी नोंदवलेली नसते. बाइट मेमरीत ओळीने मांडले जातात आणि अखेरचा शून्य मूल्याचा बाइट मजकूर तेथे संपल्याची खूण ठरतो. स्टँडर्ड लायब्ररीतील ‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन ती खूण सापडेपर्यंत एकेक बाइट उचलून नव्या जागी ठेवत जाते. ती जागा पुरेशी आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते आणि कळण्याचा मार्गही नसतो. जागा अपुरी पडल्यास उरलेले बाइट शेजारच्या माहितीवर लिहिले जातात, आणि काही वेळा फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅमने जेथे परतायचे तो पत्ताच पुसला जातो. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. नोव्हेंबर १९८८मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने अशीच फट वापरली होती: ‘गेट्स’ हे फंक्शन मर्यादा न पाहता ओळ वाचत असे, आणि ५१२ बाइटच्या जागेत त्याहून लांब मजकूर घुसवला गेला.

‘स्ट्रएनकॉपी’ला कमाल बाइटसंख्या सांगता येते, म्हणून ते सुरक्षित समजले जाते, हा समज घातक आहे. जुन्या युनिक्समधील फाइलच्या नावासाठी राखलेल्या १४ बाइटच्या ठरावीक रकान्यासारख्या जागा भरणे, हे त्याचे मूळ काम. त्यामुळे मजकूर तोकडा असल्यास ते उरलेली जागा शून्यांनी भरते, परंतु मजकूर मर्यादेइतका किंवा तिच्याहून लांब असल्यास शेवटचे शून्य लिहीतच नाही, आणि पुढे वाचणारे फंक्शन हद्द ओलांडून भरकटते. ओपनबीएसडी प्रकल्पात १९९८मध्ये आलेले ‘स्ट्रएलकॉपी’ जागेचा एकूण आकार विचारते, शून्यासाठी एक बाइट राखते आणि मूळ मजकुराची लांबी परत करते. ती लांबी जागेच्या आकाराइतकी किंवा अधिक असेल, तर मजकूर कापला गेला हे निश्चित कळते.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे कापले जाणे अधिक गंभीर ठरते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मात्रेलाही, तीन बाइट लागत असल्याने ‘पुणे’ या शब्दाचे बारा आणि शेवटच्या शून्याचा एक, असे तेरा बाइट होतात. दहा बाइटच्या जागेत ‘पुण’ एवढेच उरते. बारा बाइटच्या जागेत तर मात्रेचे तीनपैकी दोनच बाइट येतात आणि वाचता न येणारा तुकडा मागे राहतो. अशा वेळी शेवटच्या पूर्ण चिन्हापर्यंत मागे येऊन तेथे शून्य ठेवण्याचे काम प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे लिहावे लागते.