बारीक तारेचा डाख : छोट्या उपकरणांच्या दुरुस्तीचा मार्ग

शाळा, ग्रामपंचायत कार्यालये आणि आरोग्य उपकेंद्रे यांतून टॅबलेट, मोबाइल संच, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे अशा लहान उपकरणांचा वापर आज नित्याचा झाला आहे. एखादे उपकरण चार्ज होईनासे झाले की ते प्रथम कपाटात जाते व कालांतराने निर्लेखनाच्या यादीत येते. वस्तुतः पुष्कळदा त्याचा पडदा, बॅटरी व सर्किट बोर्ड शाबूत असतात. निकामी झालेला असतो तो केवळ वायर खोचण्याचा इवलासा चार्जिंग जॅक. हा दोष बहुधा दुरुस्त होऊ शकतो. म्हणून निर्लेखनापूर्वी या दुरुस्तीचे स्वरूप संबंधितांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दोष कसा उद्भवतो?

जुन्या उपकरणांतील मायक्रो यूएसबी जॅकमध्ये पाच संपर्क असतात. एक ५ व्होल्टचा, एक ऋण बाजूचा, दोन माहितीच्या देवाणघेवाणीचे व एक ओळखीचा. दोन संपर्कांच्या मध्यांतील अंतर अवघे ०.६५ मिलिमीटर असते. नव्या टाइप-सी जॅकमध्ये संपर्कांची संख्या २४ असून हे अंतर ०.५ मिलिमीटर आहे. हे संपर्क बोर्डावरील तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांना डाख देऊन, म्हणजे सोल्डरिंग करून जोडलेले असतात.

चार्जिंग चालू असताना उपकरण हाताळले किंवा वायरीला हिसका बसला, तर त्याचा सारा ताण या डाखांवर येतो. जॅक सैल होतो आणि उखडताना कधी कधी तांब्याची पट्टीही सोबत नेतो. अशा वेळी नवा जॅक आणूनही उपयोग होत नाही, कारण तो जोडण्यास जागाच उरलेली नसते. येथेच बारीक तारेचे काम सुरू होते. कारागीर त्यास ‘जंपर टाकणे’ असे म्हणतात.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम दुसरा चार्जर व दुसरी वायर लावून पाहावी. उपकरण बंद करून जॅकमध्ये साचलेली धूळ कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढावी. अनेकदा एवढ्यानेच काम भागते. तसे न झाल्यास पुढील काम प्रशिक्षित कारागिराकडे सोपवावे.

उपकरण उघडताच कारागीर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवितो. तुटका जॅक काढल्यावर नव्या जॅकचे धातूचे कवच बोर्डाला पक्के जोडतो. खेचण्याचा ताण या कवचाने सोसावयाचा असतो, तारेने नव्हे. त्यानंतर भिंगाखाली पाहून उखडलेल्या पट्टीकडे येणारा तांब्याचा मार्ग शोधला जातो, त्यावरील रंगीत लेप अलगद खरवडला जातो आणि उघड्या तांब्यावर फ्लक्स लावून डाखाचा पातळ थर दिला जातो. फ्लक्स धातूवरील गंज दूर करतो. त्याविना डाख धरत नाही.

माहितीच्या संपर्कांसाठी ०.१ मिलिमीटर जाडीची, इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार चालते. मात्र अशा एक मीटर तारेचा विद्युत रोध सुमारे २.२ ओहम असतो. म्हणून चार्जिंगचा प्रवाह वाहणाऱ्या दोन संपर्कांना अधिक जाड तारच वापरावी लागते. या बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास तार तापते व चार्जिंग मंदावते.

कथील ६३ टक्के व शिसे ३७ टक्के असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसेविरहित डाखास सुमारे २१७ अंशांहून अधिक उष्णता लागते. सोल्डरिंग आयर्नचे टोक एक-दोन सेकंदच टेकवावे लागते. अधिक वेळ टेकविल्यास उरलेली पट्टीही सुटते. शेवटी मल्टिमीटरने प्रत्येक जोडणी तपासून, ५ व्होल्टचा संपर्क ऋण बाजूस चिकटलेला नाही याची खात्री केल्यावरच बॅटरी जोडली जाते.

घ्यावयाची दक्षता

बॅटरी फुगलेली असल्यास उपकरण चार्ज करू नये व ती दाबू अथवा टोचू नये. बोर्ड जळाला असल्यास किंवा पाण्याने गंजला असल्यास अशी दुरुस्ती क्वचितच टिकते. डाखकाम हवेशीर जागी करावे व नंतर हात स्वच्छ धुवावेत. उपकरण दुरुस्तीस देण्यापूर्वी शक्य असल्यास त्यातील नागरिकांची व विद्यार्थ्यांची माहिती अन्यत्र जतन करून उपकरणातून काढून टाकावी. खरोखर निकामी झालेले उपकरण मात्र सामान्य कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाईल असे पाहावे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

गावातच कौशल्य

या कामास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. भिंग, तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि स्थिर हात एवढे भांडवल पुरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अभ्यासक्रमात डाखकामाचे शिक्षण दिले जाते. असे प्रशिक्षण घेतलेल्या गावातील तरुणास हे काम मिळाल्यास त्याच्या हाताला रोजगार लाभेल आणि सार्वजनिक पैशातून घेतलेले उपकरण पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती येईल. निर्लेखनाच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ‘दोष केवळ जॅकचा तर नाही ना?’ एवढा प्रश्न विचारला गेला, तरी पुष्कळ काही साध्य होईल.