पाळी जाण्याचा काळ आणि आपले कर्तव्य

सन 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास ठाम पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. परंतु त्याच स्त्रीच्या आयुष्यातील दुसरे मोठे स्थित्यंतर, म्हणजे पाळी जाण्याचा काळ, याविषयी घरात, कचेरीत आणि विहारातही मौन पाळले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

रजोनिवृत्ती हा आजार नव्हे. आपल्याकडे साधारणपणे 45 ते 50 या वयात अंडाशयाचे कार्य मंदावते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे डॉक्टर मानतात. त्याआधीची व नंतरची काही वर्षे त्रासाची असू शकतात. एकाएकी अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम येतो, झोप मोडते, सांधे दुखतात, विसर पडतो, चिडचिड होते. प्रत्येकीला सर्वच त्रास होतो असे नाही.

अशा अवस्थेत ही स्त्री जिनिंगमध्ये कपाशीच्या धुळीत उभी असते, शेतात उन्हात वाकलेली असते, किंवा शाळेत, अंगणवाडीत काम करीत असते. बँकेत आम्ही पाहतो की, रात्रभर झोप न झालेल्या बाईंकडून नोंद चुकली, की 'बाईंचे लक्ष नाही' असा शेरा मिळतो. कारण कोणी विचारत नाही.

याची सर्वांत क्रूर बाजू बीड जिल्ह्यात दिसली. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत चाळिशी न गाठलेल्याही होत्या. पाळीमुळे खाडा नको, दंड नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची! पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर तरुणपणीच रजोनिवृत्ती ओढवते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. कामासाठी बाईचे शरीर कापायचे, की शरीराला झेपेल असे काम आखायचे, हा खरा प्रश्न आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. स्वच्छ व कडी लागणारे शौचालय, पिण्याचे थंड पाणी, पंख्याजवळची जागा, बसून काम करण्याची मुभा, घटकाभर विश्रांती आणि कारण न उकरता मिळणारी रजा, एवढे प्रत्येक साहेबाला व मालकाला जमण्यासारखे आहे. सहकाऱ्यांनी चेष्टा थांबवावी. भगिनींनीही त्रास अंगावर काढू नये. त्यावर औषधोपचार आहेत. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर त्वरित तपासणी करावी. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

आम्हाला वाटते, वर्षावासातील एका रविवारी विहारात स्त्री-डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे आणि त्यास पुरुषांनी व विद्यार्थ्यांनीही बसावे. उद्याचे अधिकारी तेच आहेत. करुणा ही केवळ वंदनेपुरती नसते. शेजारच्या टेबलावर घामाने भिजलेल्या भगिनीसाठी खिडकी उघडणे, हीसुद्धा करुणाच होय.

जय भीम!