घरटी पन्नास रुपये

गिरगावातल्या आमच्या चाळीत मजल्यावर टीव्ही एकाच घरी होता. शनिवारच्या मराठी चित्रपटाला त्या खोलीत पोरं जमिनीवर, म्हाताऱ्या कॉटवर आणि बाकीचे थेट गॅलरीपर्यंत उभे. पोस्टात जाऊन लायसन्सचे वर्षाचे 50 रुपये मात्र त्या एकाच घराने भरलेले असत.

लायसन्सचा हा हिशेब मुंबईत पहिल्यांदा फसला तो रेडिओच्या वेळी. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. श्रोत्याने वर्षाला 10 रुपये भरायचे, त्यातले 8 कंपनीचे. विलायतेत 1922पासून दहा शिलिंगांच्या लायसन्सवर बीबीसी उभी राहत होती, तीच ही घडी. पण तिथे लाखो घरांत संच होते. इथे 1929 संपताना सगळ्या देशात परवाने आठ हजारसुद्धा नव्हते. 1 मार्च 1930ला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि महिन्याभरात सरकारने प्रक्षेपण हाती घेतलं.

2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हाही लायसन्स आलंच. पण घरटी संच धरणारा हिशेब चाळीत बसणार कसा? दूरदर्शनवरचा ‘गजरा’ कार्यक्रम पाहणारे चाळीसजण, पावती एकाची. मला यात फसवणूक कधीच दिसली नाही. वरळीच्या दूरदर्शन केंद्रातून ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं, ते दारात उभ्या असलेल्यांसाठीही होतं. सार्वजनिक प्रसारण म्हणतात ते मी त्या खोलीत पाहिलं.

दरम्यान जाहिराती आल्या: विविध भारतीवर 1967मध्ये, दूरदर्शनवर 1976मध्ये. 1985मध्ये रेडिओ-टीव्हीचं लायसन्सच रद्द झालं. गरिबाची कटकट गेली हे खरं, पण ‘आम्ही पैसे भरतो, चांगलं दाखवा’ असं हक्काने म्हणायची सोयही गेली. 1997पासून दूरदर्शनचा आणि सरकारी रेडिओचा कारभार प्रसार भारतीकडे आहे. तिची भिस्त सरकारी अनुदानावर आणि जाहिरातींवर. जाहिरातदार गिऱ्हाईक मोजतो. कॉटवर बसलेल्या म्हातारीकडून त्याला काय मिळणार?

आजोबांच्या ट्रंकेत रेडिओचं लायसन्स-बुक अजून आहे. पानोपानी तिकिटं, त्यावर पोस्टाचे शिक्के. एक वर्ष रेडिओ बंद पडला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. त्या वर्षाचंही तिकीट त्यात चिकटवलेलं आहे.