विद्यावेतन गेलं, अर्जही घटले

नोव्हेंबर 2015 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एक जुनी सोय मोडीत काढली. तोवर इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकणाऱ्यांची फी सरकार भरत असे, वर विद्यावेतनही देत असे. 2017 पासून मात्र नव्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या इतर विद्यार्थ्यांसारखं कर्ज काढावं, असं ठरलं.

युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पैसे सरकारचे म्हणून जागा मोजक्या, आणि जागा मोजक्या म्हणून निम्म्याहून अधिक अर्जदारांना नकार. कर्ज आलं की मर्यादा उठेल आणि 2020 पर्यंत परिचारिका व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाच्या 10 हजार जागा वाढतील, असा हिशेब मांडला गेला.

या हिशेबात वॉर्ड राहून गेला. नर्सिंगचा अभ्यासक्रम 4,600 तासांचा आणि त्यातले निम्मे तास थेट रुग्णांच्या उशाशी. रात्रपाळी आहे, शनिवार-रविवार आहे. कॉलेजातली इतर मुलं कॅफेत काम करून हातखर्च काढतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने तो वेळ आणायचा कुठून? शिवाय पंचविशी ओलांडलेल्या, पदरी मुलं असलेल्या बायका या शिक्षणाकडे मोठ्या संख्येने वळत. वर्षाला 9,250 पौंड फीचं ओझं त्यांनाच सर्वांत जड गेलं.

जानेवारी 2017 च्या मुदतीपर्यंत इंग्लंडमधले अर्जदार 23 टक्क्यांनी घटले, पुढच्या वर्षी आणखी. प्रवेश तितके कोसळले नाहीत, कारण अर्जदार मुळात जागांहून कितीतरी जास्त होते. पण वचन होतं वाढीचं, आणि वाढ काही दिसेना.

शेजारच्या स्कॉटलंडने विद्यावेतन बंद केलं नाही, उलट 2020 मध्ये ते 10 हजार पौंडांवर नेलं. वेल्सनेही ते चालू ठेवलं; अट एवढीच की, शिकून झाल्यावर दोन वर्षं वेल्समध्ये काम करायचं.

डिसेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने माघार घेतली, पण अर्धीच. सप्टेंबर 2020 पासून वर्षाला किमान 5,000 पौंड, परतफेडीशिवाय. निवडणुकीत त्यांनी 50 हजार ‘जादा’ परिचारिकांचं आश्वासन दिलं होतं. त्यातल्या सुमारे 18,500 जणी आधीपासूनच नोकरीत होत्या, त्यांना फक्त टिकवून धरायचं होतं! कोविडच्या काळात अर्ज उसळले, नंतर पुन्हा उतरले.

50 हजारांचं उद्दिष्ट 2023 मध्ये पूर्ण झाल्याचं सरकारने जाहीर केलं, पण ते गाठलं गेलं मुख्यतः भारत, फिलिपिन्स अशा देशांतून आलेल्या परिचारिकांच्या जिवावर. इंग्लंडमधल्या विद्यार्थिनीच्या डोक्यावरचं फीचं कर्ज या माघारीनंतरही उतरलं नाही.